हिरव्या स्मूदीसाठी मिक्सर-ब्लेंडर निवडताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आधी आमच्या दुकानात दुरुस्तीला येणारे मिक्सर भाजणी आणि वाटणाने दमलेले असतात. मार्च उजाडला की वेगळेच यायला लागतात. जार उघडला की तळाला पालकाच्या वाळलेल्या तारा, पात्याच्या दांड्याला गुंडाळलेले देठ, आणि खाली कपलरचे, म्हणजे मोटरचं फिरणं जारच्या पात्याला देणाऱ्या चकतीचे, दाते पार झिजलेले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, जिममध्ये कोणी सांगितलं म्हणून किंवा मोबाइलवर व्हिडिओ बघून हिरवी स्मूदी सुरू झालेली असते आणि महिनाभरात मिक्सर माझ्या टेबलावर येतो. "कंपनीच बोगस निघाली" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी. खोलून बघितलं की बहुतेक वेळा दिसतं ते वेगळंच: यंत्र चुकीच्या कामाला लावलेलं असतं, नाहीतर काम चुकीच्या घाईने केलेलं असतं. नाशिकला मी हेच काम करतो. त्याच त्याच चुका बघून कंटाळा आला, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

नुसते वॅट बघून घेणं

"750 वॅटचा आहे, तरी पालक दाताखाली येतो" ही तक्रार रोजची. वॅट म्हणजे मोटर किती वीज ओढते तो आकडा. पान बारीक व्हायचं तर ते पुन्हा पुन्हा पात्यापाशी यायला हवं, आणि ते काम जारचं आहे.

मिक्सरबरोबर साधारण तीन जार येतात. त्यातला ओल्या वाटणाचा जार रुंद आणि बुटका असतो. भिजवलेली डाळ, खोबरं, कांदा हे जड असतं, आपल्या वजनानेच खाली येतं, त्यामुळे तिथे तो जार उत्तम. पालकाचं पान हलकं. पातं फिरलं की ते भिंतीला जाऊन चिकटतं, उरलेलं झाकणाला, आणि खाली पातं नुसत्या पाण्यात फिरत राहतं. मग माणूस झाकण उघडतो, चमच्याने ढकलतो, परत लावतो, परत तेच.

यासाठी आहे तो उंच, खाली निमुळता, आतल्या बाजूला उभ्या कडा असलेला जार. त्या कडा शोभेच्या नाहीत. गोल गोल फिरणारा द्रव त्यांच्यावर आपटतो, मधे वळतो आणि पुन्हा पात्यावर पडतो. मधोमध भोवरा तयार होतो आणि पानं खाली ओढली जातात. हा जार बहुतेकांच्या घरी माळ्यावर, मूळ खोक्यात, प्लॅस्टिकची पिशवीही न काढलेला पडून असतो. नवीन यंत्रावर पैसे घालण्याआधी तो खाली काढा. एकट्यापुरता पेलाभर करायचा असेल तर चटणीचा छोटा जारही चांगलं काम देतो, कारण तो अरुंद असतो आणि पानांना पळायला जागा नसते.

नवीनच घेत असाल तर दुकानदाराला जारमध्ये निम्मं पाणी भरून चालवून दाखवायला सांगा. मधे खड्डा पडून तो पात्यापर्यंत पोचला पाहिजे. मग मिक्सर बंद करून, प्लग काढून, पातं सांभाळून धरून बाजूला हलवून बघा. नव्या जारचं पातं डगमगत असेल तर तो जार घेऊ नका. आयएसआय खूणही बघून घ्या. घरगुती मिक्सरसाठी आयएस 4250 हे मानक आहे.

आपल्या मिक्सरला कमी लेखू नका, हेही सांगायला हवं. परदेशी ब्लेंडर पातळ पदार्थांसाठी बनलेले होते, आपलं वाटण त्यांना झेपेना. म्हणूनच 1960च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी सुमीत मिक्सर उभा केला, दणकट मोटर घालून. हळकुंड आणि सुकं खोबरं दळणारी मोटर पालकाच्या दोन मुठींना हरत नाही. ती हरते ते आपण तिला अडकवून ठेवतो तेव्हा.

ओव्हरलोड स्विच "डायरेक्ट" करून घेणं

ही चूक बघितली की मला खरोखर राग येतो.

मिक्सरच्या बुडाला एक छोटं बटण असतं, बहुधा लाल. मोटरवर जास्त ताण आला, ती जास्त करंट ओढायला लागली की ते आपोआप बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. म्हणजे मोटर वाचली. लोकांना वाटतं मिक्सर बिघडला.

एक तरुण गिऱ्हाईक होता. लग्नातला मिक्सर, चांगला, घरात त्याच्यावर सगळा स्वयंपाक चालायचा. हा पठ्ठ्या सकाळी जिमला जायच्या आधी फ्रीजरमधली दगडासारखी केळी, मूठभर बर्फ, अख्खी पालकाची जुडी देठांसकट आणि वर जेमतेम अर्धी वाटी दूध घालायचा. घट्ट हवी म्हणून पाणी नाही. स्विच पडायचा. हा बटण दाबायचा, परत चालू. परत पडायचा, परत दाबायचा. शेवटी वैतागून त्याने कोपऱ्यावरच्या एका इलेक्ट्रिशियनकडून ते बटण मधून काढून तार सरळ जोडून घेतली. आठवडाभर खूश होता. मग एका सकाळी स्वयंपाकघरात धूर झाला आणि त्याच्या आईने घाबरून मेन स्विच बंद केला. माझ्याकडे आला तेव्हा मोटरच्या आत फिरणारं आर्मेचर काळंठिक्कर पडलेलं, फिल्डची कॉइल जळलेली, कार्बन ब्रश संपलेले, कपलर वितळून जारला चिकटलेला. दुरुस्तीचा आकडा ऐकून तो गप्प बसला. त्याची आई मला विचारत होती, "भाऊ, आता उद्या इडलीचं कसं करू?" खरं नुकसान तिचं झालं होतं.

आतली गोष्ट समजून घेतली तर ही चूक कोणी करणार नाही. मिक्सरच्या मोटरला थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर जोरात फिरली तर पंखा जोरात. जारमध्ये पानं, बर्फ अडकून मोटर मंदावली की एकाच वेळी दोन गोष्टी होतात: करंट वाढतो, म्हणजे उष्णता वाढते, आणि पंखा मंदावतो, म्हणजे ती उष्णता बाहेर जात नाही. आवाज खोल गेला, घुमल्यासारखा झाला की मोटर शिजायला लागली असं समजा आणि ताबडतोब बंद करा. याच कारणाने घट्ट माल एक नंबरवर बराच वेळ रगडत ठेवणं मोटरला सोपं जात नाही. सुरुवात एकवर करा, माल हलायला लागला की वर न्या, लवकर उरका.

स्विच पडला तर प्लग काढा, जार उतरवा, निम्मा माल काढा, पाणी घाला. मोटर गार होऊ द्या. मी निदान पंधरा-वीस मिनिटं हात लावत नाही. मगच बटण दाबा. आणि कोणी "डायरेक्ट करून देतो" म्हणाला तर त्याच्याकडून मिक्सर परत घेऊन घरी या.

स्मूदीसाठी ज्यूसर आणणं

ज्यूसर रस वेगळा काढतो आणि चोथा बाहेर टाकतो. स्मूदीत चोथ्यासकट सगळं पोटात जायला हवं, हिरवी स्मूदी प्यायची ती त्यासाठीच. तरीही लोक महागडे कोल्ड प्रेस, म्हणजे हळूहळू दाबून रस काढणारे, ज्यूसर घेतात आणि त्यात केळं घालतात. केळ्याला रस नसतो. ते मळसूत्रासारख्या दांड्याला आणि जाळीला लिंपून बसतं. एका ताईंनी तसा अडकलेला ज्यूसर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा प्रयत्न केला आणि जाळी फाटली. त्या मॉडेलची जाळी सुटी मिळेना, तेव्हा पूर्ण यंत्र अडगळीत गेलं. गाजर, बीट, संत्रं यांचा रस रोज लागत असेल तर ज्यूसर घ्या. स्मूदीसाठी नको.

थोडक्यात सांगण्यासारख्या

चार्जिंगचा बाटली-ब्लेंडर: प्रवासात पिकलेलं केळं आणि दूध, एवढंच. पालकाला हात लावू नका.

हँड ब्लेंडर ताकाला, सूपला छान. देठाचे धागे त्याच्या दांड्याला गुंडाळतात.

फूड प्रोसेसर पानं चिरतो, वाटत नाही.

उलटा बसवायचा छोटा ग्लास-ब्लेंडर एकट्या माणसाला सोयीचा, मला आवडतो. पण तो पूर्ण बंद असतो, वाफ जायला वाट नसते. त्यात गरम काही घालायचं नाही, आणि एका दमात मिनिटाच्या वर चालवायचा नाही.

लसणाच्या चटणीच्या झाकणाची रबरी रिंग स्मूदीच्या झाकणाला लावू नका. वेगळी ठेवा, स्वस्त मिळते.

अमेरिकेतून आलेला ब्लेंडर

आमच्याकडे घरटी एखादा मुलगा किंवा मुलगी तिकडे आहे, त्यामुळे हे सारखं येतं. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230. पिन बसवणारा ॲडॉप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. बटण दाबलं की क्षणात खेळ खल्लास. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तोही ब्लेंडरच्या वॅटपेक्षा मोठा. 1400 वॅटला मी 2000 च्या खालचा सुचवत नाही. तो चांगलाच जड असतो, ओट्यावर जागा खातो, आणि रोज चालू-बंद करायला माणसं कंटाळतात. मुलांना आधीच सांगा, पैसे पाठवा, इथे घेतो.

सगळं एकदम कोंबणं

नवशिक्यांची घाई इथे सगळ्यात जास्त दिसते. माझ्या घरी क्रम ठरलेला आहे. आधी पाणी, पेलाभर. मग दोन मुठी पानं, हाताने फाडून, जाड देठ काढून. एवढंच अर्धा मिनिट फिरवायचं, हिरवं पाणी दिसेपर्यंत. त्यानंतर पेरू, केळं किंवा आंबा, चिरून. पेरूच्या बिया आधी काढायच्या. बर्फ अगदी शेवटी, फोडून, विपवर, म्हणजे धरून ठेवलं तेवढंच चालणाऱ्या बटणावर, दोन-तीन झटके. जार दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. उलट्या ग्लासच्या ब्लेंडरला क्रमही उलटा: पानं तळाला, मग फळं, शेवटी पाणी, कारण उलटल्यावर शेवटचं पात्यापाशी येतं.

पालेभाजी मोठ्या पातेल्यात बुडवून धुवा आणि पानं वरच्या वर उचलून घ्या. पाणी ओतून दिलंत तर तळाला बसलेली माती परत पानांवर येते. त्या मातीने पात्याची धार जाते, आणि पात्याखालच्या बुशमध्ये, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत, रेती गेली की बुश झिजतो. जारखाली काळपट पाणी गळायला लागलं तर बुश गेला समजा. तो जार वापरणं थांबवा, कारण ते पाणी खाली मोटरमध्ये उतरतं आणि काळं स्मूदीतही येतं. बुश बदलून घेणं हे किरकोळ काम आहे.

यंत्राचा विषय नाही, तरी सांगतो. स्मूदीत दुधी किंवा काकडी घालणार असाल तर आधी सुरीने एक चकती कापून चाखा. कडू लागली तर पूर्ण फळ टाकून द्या. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, त्याच्या रसाने माणसं दगावलेली आहेत आणि आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही कडू रस पिऊ नका असंच सांगितलं आहे. एकदा मिक्सरमध्ये आंब्याबरोबर फिरलं की कडूपणा झाकला जातो. तसंच मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोजच्या कच्च्या पालकाबद्दल आणि रक्त पातळ होण्याची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी कुठल्याही हिरव्या पाल्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं.

जार सिंकमध्ये टाकून कामाला निघून जाणं

संध्याकाळी तो धुवायला घेतला की हिरवा थर घासून निघत नाही आणि बुश दिवसभर पाण्यात भिजलेला असतो. ओतून झालं की लगेच निम्मा जार पाणी, साबणाचा एक थेंब, विपवर चार झटके, विसळा, उपडा घाला. पेला रिकामा व्हायच्या आत हे उरकतं. प्लॅस्टिकचा जार असेल तर तारेची घासणी लावू नका, ओरखडे पडले की त्यात वास बसतो.

मोठा ब्लेंडर कधी घ्यावा

घरात चार-पाच माणसं रोज पिणार, गोठवलेली फळं वापरायची, राजगिऱ्याची किंवा शेवग्याची पानं घालायची, आणि हे सहा महिने साध्या मिक्सरवर न चुकता चाललेलं आहे, तर 1200-1400 वॅटचा ब्लेंडर घ्यायला माझी हरकत नाही. झाकणातून माल खाली दाबायचा दांडका बरोबर येतो का ते बघा, घट्ट स्मूदीला तोच उपयोगी पडतो. जारची आणि कपलरची सुटी विक्री आपल्या गावात होते का ते पैसे देण्याआधी विचारा. 1400 वॅट म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास करंट, तेव्हा साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटला न लावता फ्रीजसारखा 16 अँपिअरचा पॉइंट ओट्याजवळ करून घ्या, आणि त्याचं अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून त्याच वेळी तपासून घ्या.