‘हे आपल्या घराण्यात कुठून आलं?’ : लैंगिक कल आणि आनुवंशिकतेचे आकडे कसे वाचावेत

मुलाने किंवा मुलीने आपण समलिंगी असल्याचं घरी सांगितलं की पुढच्या काही दिवसांत हा प्रश्न निघतोच. आई माहेरची माणसं आठवते, वडील आपल्या काकांकडे बोट दाखवतात, कोणीतरी रात्री मोबाइलवर शोधत बसतं आणि ‘जनुक सापडलं’ व ‘असं जनुकच नाही’ अशा दोन उलट बातम्या एकाच वेळी हाती लागतात. दोन्ही मथळ्यांमागे खरं संशोधन आहे, गोंधळ होतो तो वाचण्यात.

शोधायला बसण्याआधी कागदावर चार प्रश्न वेगवेगळे लिहून काढा. एकाच कुटुंबात एकाहून जास्त समलिंगी माणसं आढळण्याचं प्रमाण जास्त असतं का? त्यात जनुकांचा वाटा आहे का? हे जन्माआधी ठरतं का? आणि हे बदलता येतं का? पहिल्याचं उत्तर ‘हो, काही प्रमाणात’. दुसऱ्याचं ‘हो, पण अर्ध्याहून कमी’. तिसऱ्याचं ‘निदान काही भाग तरी, विशेषतः पुरुषांत’. चौथ्याचं ‘नाही, बदलणारा कोणताही उपचार नाही’. यातलं एक उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नाही. मातृभाषा, आडनाव, कुलदैवत पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात चालतं आणि त्यात जनुकांचा काडीचाही संबंध नसतो. उलट गर्भाशयात घडलेली गोष्ट जन्मजात असते, पण ती आनुवंशिक असेलच असं नाही.

वंशावळ काढायची असेल तर

तीन पिढ्या घ्या, दोन्हीकडच्या. ज्या व्यक्तीने स्वतः सांगितलं आहे तिच्यापुढेच खूण करा, बाकी सगळ्यांपुढे ‘माहीत नाही’ लिहा. ‘नाही’ लिहू नका. आजोबांच्या पिढीत कल कोणताही असो, लग्न व्हायचंच. त्यामुळे लग्न होऊन चार मुलं असणं हा एका बाजूचा पुरावा नाही आणि आजन्म अविवाहित राहिलेली आत्या हा दुसऱ्या बाजूचा पुरावा नाही.

मग एकूण माणसं मोजा. आईकडे ३२ नातेवाईक आणि वडिलांकडे ९ असतील, तर आईकडे एक जण सापडणं आपसूकच जास्त शक्य आहे. शिवाय बायका एकमेकींशी मोकळेपणाने बोलत असतील, तर माहेरच्या गोष्टी जास्त कळतात. एका घराण्याच्या तक्त्यावरून आनुवंशिकता सिद्ध होत नाही आणि खोटीही ठरत नाही. एवढं लक्षात ठेवून काढलात तरच काढा. आणि दुसऱ्या कोणाचं गुपित कळलं असेल, तर ते तक्त्यातही उतरवू नका. कागद घरात फिरतो.

जुळ्यांचे टक्के

संशोधकांचं मुख्य साधन म्हणजे जुळी भावंडं. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी असतात. दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांची सरासरी निम्मी सारखी असतात, म्हणजे साध्या सख्ख्या भावंडांइतकीच. पहिल्या गटात साम्य जास्त दिसलं तर जनुकांचा वाटा धरायचा.

१९९१ मध्ये बेली आणि पिलार्ड या संशोधकांनी अमेरिकेत समलिंगी पुरुषांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांपैकी ५२ टक्क्यांचा भाऊही समलिंगी वा उभयलैंगिक होता. दोन बीजांच्या जुळ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं. हे आकडे अजून सर्वत्र फिरतात. पण त्याच अभ्यासातला दत्तक भावांचा आकडा पाहा : ११ टक्के. आणि जुळे नसलेल्या सख्ख्या भावांचा? सुमारे ९. रक्ताचं नातं नसलेला भाऊ सख्ख्याच्या पुढे, हे निव्वळ जनुकांनी समजावता येत नाही. एक अडचण अशी की सहभागी माणसं समलिंगी वाचकांच्या नियतकालिकांत जाहिरात देऊन गोळा केली होती. ज्याचा भाऊही समलिंगी आहे तो अशा जाहिरातीला उत्साहाने उत्तर देतो आणि टक्के फुगतात.

म्हणून कोणताही आकडा वाचताना आधी माणसं कुठून आणली ते बघा. ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून माणसं घेऊन २००० साली हाच प्रश्न विचारला, तेव्हा एकसारख्या जुळ्यांत हे प्रमाण पुरुषांत २० आणि स्त्रियांत २४ टक्क्यांवर आलं. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचायचा. एकूण समाजातल्या प्रमाणापेक्षा हे कितीतरी जास्त आहे, म्हणून जनुकांचा वाटा आहे. पण जनुकं तीच असूनही दर पाचातल्या जवळपास चौघांचं जुळं भावंड समलिंगी नाही, म्हणून जनुकं पुरेशी नाहीत.

२०१० मध्ये छापून आलेल्या स्वीडनच्या अभ्यासात ३,८२६ जोड्या होत्या. पुरुषांमधल्या फरकापैकी ३४ ते ३९ टक्के जनुकांकडे गेला, स्त्रियांमध्ये १८ ते १९ टक्के. इथे सगळ्यात मोठी चूक होते : ‘माझ्या मुलाचा कल ३५ टक्के जनुकांमुळे आणि ६५ टक्के आमच्या संगोपनामुळे.’ असं नाही. हा टक्का एका माणसाचा नसतोच, तो समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा असतो. उरलेला भाग म्हणजे संगोपन, असंही नाही. दोन्ही भावंडांना सारखा मिळालेला घरचा प्रभाव या अभ्यासात पुरुषांसाठी शून्य निघाला, स्त्रियांसाठी १६–१७ टक्के. बाकी सगळं एकाच भावंडाच्या वाट्याला आलेलं होतं : गर्भातले फरक, निव्वळ योगायोग आणि मोजण्यातल्या चुकाही. आईने लाड केले, वडील कडक होते, मुलांच्या शाळेत घातलं, यातलं काही या आकड्यांतून निघत नाही. आईवडिलांनी स्वतःला दोष देणं थांबवावं यासाठी हा एकच परिच्छेद घरात मोठ्याने वाचला तरी चालेल.

‘मामावर गेला’

१९९३ मध्ये अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ डीन हेमर यांच्या गटाने समलिंगी भावांच्या ४० जोड्या तपासल्या. मुलाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं. आईच्या दोन एक्सपैकी कोणताही एक भाग दोन भावांमध्ये सारखा येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे ४० पैकी २० जोड्यांत तो जुळायला हवा. एक्सक्यू २८ या टोकाच्या भागात तो ३३ जोड्यांत जुळला. या कुटुंबांत आईकडचे समलिंगी नातेवाईकही जास्त निघाले. ‘मामाकडून आलं’ याला विज्ञानाचा शिक्का मिळाल्यासारखं वाटलं ते तेव्हा.

१९९९ मध्ये कॅनडातल्या ५२ जोड्यांत हा दुवा सापडला नाही. पुढे ४०९ जोड्यांच्या मोठ्या अभ्यासात थोडा आधार पुन्हा दिसला, शिवाय आठव्या गुणसूत्राकडेही बोट गेलं. २०१९ च्या सर्वांत मोठ्या पाहणीत एक्स गुणसूत्राचं काही वेगळेपण दिसलं नाही. तेव्हा हा शोध सुनेच्या माहेराला दोष द्यायला वापरला जात असेल, तर तिथल्या तिथे थांबवा.

ही २०१९ ची पाहणी ४,७७,५२२ लोकांची होती, बहुतेक ब्रिटनचे, उरलेले अमेरिकेतल्या एका जनुक-चाचणी कंपनीचे ग्राहक. जनुकसंचात ठळक संबंध असलेल्या जागा पाच निघाल्या. सगळे मोजलेले बारीकसारीक फरक एकत्र धरले तर ८ ते २५ टक्के फरकाचा हिशोब लागला. पण हे फरक मोजून प्रत्येक माणसासाठी काढलेला एक आकडा, म्हणजे गुणांक, नव्या माणसांवर लावला, तेव्हा तो एक टक्काही फरक सांगू शकला नाही. म्हणजे उंचीसारखीच गोष्ट : हजारो जनुकांचा थेंब-थेंब परिणाम, आणि इथे त्यातून एका माणसाच्या कलाबद्दल काही कळत नाही. थुंकीच्या चाचणीवरून कल सांगतो म्हणणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. गर्भात तपासण्यासारखंही काही नाही.

याच पाहणीत आणखी दोन गोष्टी बघायच्या. सगळे सहभागी युरोपीय वंशाचे होते, त्यामुळे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागत नाहीत. आणि प्रश्न ओढीचा नव्हता, ‘समान लिंगाच्या व्यक्तीशी कधी शरीरसंबंध आला का’ असा होता. एकदाच आलेला आणि आयुष्यभराचा, दोघं एकाच रकान्यात. मनात ओढ असून कधीच वाट न मिळालेला माणूस दुसऱ्या रकान्यात. ज्या समाजात लग्न चुकत नाही, तिथे हा फरक फार मोठा ठरतो.

मोठ्या भावांचा हिशोब

पुरुषांच्या बाबतीत वारंवार आढळलेला परिणाम जनुकांचा नाहीच. एकाच आईचे जितके मोठे मुलगे, तितकी पुढच्या मुलाची समलिंगी असण्याची शक्यता वाढते, दर भावामागे सुमारे एक-तृतीयांश. सुरुवातीचं प्रमाण २ टक्के धरा : एक मोठा भाऊ असेल तर सुमारे २.६, दोन असतील तर ३.५, तीन असतील तर ४.६. चौथ्या मुलातही शंभरातले ९५ समलिंगी नसतातच. हे मोठे भाऊ वेगळ्या घरात वाढले तरी परिणाम दिसतो आणि सावत्र भाऊ एकत्र वाढले तरी दिसत नाही. म्हणून कारण गर्भात शोधलं जातं. मुलगे पोटात वाढत असताना आईच्या शरीरात पुरुषी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, असा एक अंदाज आहे. स्त्रियांत असा परिणाम बहुतेक अभ्यासांत दिसलेला नाही.

घरात बोलताना

बहीण विचारेल, ‘माझ्या मुलांनाही होईल का?’ उत्तर : शक्यता किंचित जास्त असू शकते, तपासायचं किंवा टाळायचं काही नाही, कारण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. स्थळ बघणारे ‘तुमच्या घराण्यात आहे का’ म्हणून चौकशी करत असतील, तर समोरच्याला पटवण्यासाठी भावाचं नाव पुढे करू नका. ते सांगायचा हक्क भावाचा आहे.

‘आनुवंशिक नाही ना, मग बदलू’ म्हणून औषधं, विजेचे झटके किंवा घाईचं लग्न सुचवलं जातं. वर लिहिलेल्या चार प्रश्नांतला चौथा इथे पुन्हा वाचा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कल बदलण्याचा ‘उपचार’ हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. असं सुचवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करा. मुलगा किंवा मुलगी खचलेली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट या विषयावर काम करत आले आहेत. आईवडिलांना या संस्थांत जायचं असेल तर मुलाला आधी विचारून, शक्यतो त्याच्यासोबतच जावं.