पहिली बातमी निधनाची लिहा

मुलांनो, आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात कुणी काम शिकायला आलं की मी त्याला राजकारण देत नाही आणि क्रिकेटचे सामनेही देत नाही. पहिले ३ महिने फक्त निधनवार्ता. मजकूर जेमतेम पाच ओळींचा, पण त्या पाच ओळी एखाद्या घरात कात्रण करून वर्षानुवर्षं जपल्या जातात.

लिहायची कशी ते सांगते. पूर्ण नाव, वय, गाव, निधन कधी झालं, अंत्यसंस्कार कुठे झाले. शेवटी नेहमीचं वाक्य, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे.' इथेच थांबायचं आणि विचारायचं, 'मुली किती?' कारण बातमी द्यायला येणारे बरेचदा मुलांची नावं हुद्द्यासकट सांगतात आणि सासरी गेलेल्या लेकी राहून जातात. मग आणखी एक प्रश्न, 'ते काय करायचे?' एकदा 'शेती' एवढंच उत्तर आलं. मी पुन्हा विचारलं, तेव्हा कळलं की ते आजोबा ३० वर्षं रोज पहाटे गावच्या टाकीचा व्हॉल्व्ह सोडायचे. सगळ्या गावाने त्यांच्या हातचं पाणी प्यायलेलं. बातमी तिथून सुरू केली.

आता माझी चूक. सुरुवातीच्या वर्षांत मी एक निधनवार्ता फोनवर घेतली आणि दोन भावांच्या नावांत गल्लत केली. गेले होते धाकटे, छापून आलं थोरल्यांचं नाव. दुसऱ्या दिवशी ते थोरले भाऊ कार्यालयात आले. घडी केलेला अंक टेबलावर ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि काही न बोलता बसून राहिले. भावाच्या दुःखात असलेल्या माणसाला मी हे वाचायला लावलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली आणि पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच टायपात दुरुस्ती छापली. तेव्हापासून नाव कानावर विश्वासून छापत नाही. कागदावर लिहून घेते आणि अक्षर न् अक्षर वाचून दाखवते. सोनवणे आणि सोनावणे ही दोन वेगळी घरं असतात.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, म्हणून ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो. मला मात्र मुकुंदराव पाटील जास्त जवळचे वाटतात. १९१० साली त्यांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक सुरू केलं आणि पुढे नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते वर्षानुवर्षं चालवलं. त्यांचा वाचक शेजारच्या बांधावर होता. तुमचाही तसाच असेल. ज्याच्याविरुद्ध लिहिलं, तो उद्या एस.टी. स्टँडवर समोर येणार. म्हणून छापण्याआधीच त्याला गाठा, त्याची बाजू विचारा आणि ती बातमीत घ्या. बोलला नाही, तर तेही लिहा. मग स्टँडवर मान खाली घालावी लागत नाही.

निधनवार्ता जमल्या की ग्रामसभेला जा. मागे बसा, ठराव शब्दशः उतरवा. 'लाखोंचा निधी' असं लिहू नका. किती लाख, कोणत्या योजनेतून, काम कधी पुरं होणार ते विचारा. कागद दाखवत नसतील तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. १० रुपये शुल्क भरून साधा अर्ज करायचा, साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नेत्यांच्या कार्यक्रमांच्या प्रेसनोट ढिगाने येतील. 'मान्यवरांच्या शुभहस्ते' काढून टाका आणि खाली काय उरतं ते बघा. बहुतेक वेळा दोन ओळी उरतात, त्या छापा.

एक गोष्ट मात्र कधीच छापायची नाही. अत्याचार झालेल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, नातेवाईक, काही म्हणजे काही नाही. कायदाही तेच सांगतो. छोट्या गावात 'अमुक गल्लीतली सातवीतली मुलगी' एवढं लिहिलं तरी नाव सांगितल्यासारखंच होतं.

पैसा जाहीर नोटिसा, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींतून येतो. जाहिरात देणाऱ्याला जागा विकायची, बातमी नाही. स्वतःचं साप्ताहिक काढायचं तर नोंदणी लागते. त्यासाठीचा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. शाळेच्या फलकावरच्या भित्तिपत्रकाला यातलं काही लागत नाही, तिथूनच सुरुवात करा.

आमचं पान बुधवारी रात्री लागतं. प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची तपासायची प्रत, दोघांनी वाचायचं. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पट्टी ठेवून ओळ धरायची. मथळे शेवटी पुन्हा वाचा, कारण मोठ्या टायपातली चूक डोळ्यांना हमखास चकवते. गुरुवारी पहाटे छापखान्यातून गठ्ठे येतात, शाई अजून बोटांना लागत असते. मी पहिलं पान बघत नाही. आधी तिसरं पान उघडते, निधनवार्तांच्या कॉलमवर बोट ठेवते आणि एकेक नाव पुन्हा वाचते.