सोनीचे हेडफोन आणि इअरबड्स : निवडताना नि वापरताना या चुका टाळा

सेल सुरू असताना भाच्याचा फोन आला. "मामा, सोनीचे एक्सएम-फाइव्ह घेऊ का? कार्टमध्ये टाकून ठेवलेत."

"कानावरचे की कानातले?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "दोन आहेत?"

दोन आहेत. डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ हा डोक्यावरून घालायचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, २०२२ सालचा. डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ हे कानात बसणारे इअरबड्स, २०२३ सालचे. फरक एका अक्षराचा. पठ्ठ्याने आठवडाभर रिव्ह्यू पाहिले हेडफोनचे आणि कार्टमध्ये टाकले बड्स.

सोनीची नावं वाचताना एखाद्या औषधाच्या पट्टीवरचा मजकूर वाचतोय असं वाटतं. पण त्यांची फोड एकदा कळली की दुकानदारापेक्षा तुम्हालाच जास्त समजतं. डब्ल्यूएच म्हणजे डोक्यावरचा वायरलेस, डब्ल्यूएफ म्हणजे दोन सुटे बड्स, डब्ल्यूआय म्हणजे गळ्यात अडकवायचा नेकबँड आणि एमडीआर म्हणजे बहुतेक वेळा वायरवाला. एमडीआर हे नाव फार जुनं आहे. १९७९ साली पहिला वॉकमन आला, तेव्हा त्याच्यासोबतच्या हेडफोनचं नाव एमडीआरनेच सुरू होत होतं.

पुढची खूण शेवटच्या अक्षरात असते. स्वस्त आणि मधल्या मॉडेल्सच्या शेवटी 'एन' असेल तर त्यात नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा आवाज दाबायची सोय, थोडक्यात एएनसी, आहे. डोक्यावरच्या हेडफोनमध्ये सीएच७२०एन मध्ये आहे, सीएच५२० मध्ये नाही. बड्समध्ये सी७१०एन मध्ये आहे, सी५१० मध्ये नाही. अपवाद १००० मालिकेचा, म्हणजे नावात १००० असलेल्या एक्सएम५सारख्या महागड्या मॉडेल्सचा. तिथे 'एन' लिहीत नाहीत, कारण ती मालिका उभीच त्यासाठी आहे. "सोनीचा आहे म्हणजे आवाज बंद करत असेलच" अशा समजुतीने सीएच५२० घेऊन लोकलमध्ये चढणारे पुष्कळ भेटतात. हेडफोन चांगला आहे, १४७ ग्रॅमचा, दिवसभर डोक्यावर राहिला तरी भार वाटत नाही. पण तो कानावर नुसता टेकतो, कान झाकत नाही, आणि एएनसीही नाही. घरात, लायब्ररीत, रात्री ऑडिओबुक ऐकायला झकास. ठाण्याच्या पुढे फास्ट लोकलच्या दारात उभं राहून ऐकायला अजिबात नाही.

लिंकबड्स या सोनीच्याच इअरबड्सच्या बाबतीत मात्र ही फोड चालत नाही, आणि तिथे लोक हमखास फसतात. २०२२ सालच्या मूळ लिंकबड्सच्या मधोमध आरपार भोक आहे. बाहेरचं सगळं ऐकू यावं हाच त्यांचा हेतू. त्याच वर्षी आलेले लिंकबड्स एस मात्र कान बंद करणारे, एएनसीवाले. २०२४ मध्ये पुन्हा तीच जोडी आली : लिंकबड्स ओपन उघडे, लिंकबड्स फिट बंद. आडनाव एक, स्वभाव उलटे. ज्याला घरात बेल, कुकरची शिट्टी आणि बाळाचं रडणं ऐकू यायलाच हवं त्याने उघडे घ्यावेत. एसटीने रातोरात प्रवास करणाऱ्याने चुकूनही घेऊ नयेत.

बॅटरीचे आकडे शेजारीशेजारी मांडू नका

तुलनेच्या तक्त्यात सीएच५२० समोर ५० तास आणि त्याच्या कितीतरी पट महाग डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ समोर ३० तास दिसतात. मग कोणीतरी विजयी मुद्रेने म्हणतं, बघा, स्वस्तातला जास्त चालतो. अहो, ते ३० तास एएनसी चालू ठेवून आहेत. बंद केलं तर ४० होतात. सीएच७२०एन चालू असताना ३५ आणि बंद असताना ५०. बड्समध्ये आणखी एक मेख आहे. खोक्यावरचा मोठा आकडा डबीतल्या चार्जिंगसकटचा असतो. सी५१०चे २२ तास म्हणजे ११ कानातले आणि ११ डबीतले. सलग किती चालतं ते पाहायचं असेल तर पहिला आकडा पाहा. त्यातून फोनवर बोलत राहिलात तर तोही लवकर संपतो.

जॅकचंही बघून घ्या. सीएच७२०एन आणि १००० मालिकेच्या हेडफोनला ३.५ मिलिमीटरची वायर जोडता येते, सीएच५२०ला जोडता येत नाही. ज्यांना मोबाइलवरच्या तबल्याच्या अ‍ॅपवर रियाज करायचा आहे किंवा कीबोर्ड वाजवायचा आहे, त्यांना वायर हवीच. ब्लूटूथमध्ये आवाज जरा उशिरा पोचतो. नुसतं ऐकताना ते जाणवत नाही, पण की दाबल्यावर सूर मागाहून आला की हात अडखळतात.

एएनसीकडून भलती अपेक्षा

"पैसे वाया गेले, शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतंय!" ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता समोरच्याचं वाक्य मीच पूर्ण करतो. एएनसी बाहेरचा आवाज माइकने टिपतं आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडतं, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात. हे जमतं ते सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजांना : पंखा, एसी, बसचं इंजिन, विमानाची घरघर. अचानक आलेला हॉर्न, फेरीवाल्याची हाळी, बायकांच्या डब्यातली भिशीची चर्चा, यांचा वरच्या पट्टीतला भाग बराचसा अडवायचं काम हेडफोनच्या कानाभोवतीच्या उशीचं किंवा बडच्या टोकावरच्या मऊ टोपीचं, म्हणजे टिपचं आहे. म्हणजे ही उशी कानाभोवती नीट बसलेली नसेल तर महागडा प्रोसेसरही हात टेकतो. जाड काडीचा चष्मा, अंबाड्यातली क्लिप, कानावरून आलेली ओढणी, एवढ्याने फट पडते आणि आधी बेस जातो, मग एएनसी. तक्रार करण्याआधी चष्मा काढून एकदा ऐकून पाहा.

बड्सच्या टिप्स

माझ्या मते बड्सच्या दहातल्या सात तक्रारी इथेच सुटतात. हा आकडा कुठल्या सर्वेक्षणातला नाही, नातेवाईक आणि शेजारी यांच्या कानांवरचा अनुभव आहे. "आवाज पत्र्यासारखा येतो", "बेसच नाही", "चालताना पडतात", "एका बाजूने कमी येतं" : सगळ्यांचं मूळ एकच. खोक्यातून निघालेली मधली टिप तशीच लावून टाकलेली असते आणि बाकीच्या टिप्सची पिशवी खोक्यासकट माळ्यावर गेलेली असते.

डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ सोबत चार मापं येतात, आणि त्या टिप्स नेहमीच्या सिलिकॉनच्या नसून फोमसारख्या आहेत. त्या नुसत्या ढकलून चालत नाही. आधी चिमटीत दाबायच्या, कानात सरकवायच्या, आणि फुगून कान भरेपर्यंत बोटाने धरून ठेवायच्या. अगदी शांत खोलीत हे केलंत तर बाहेरचा आवाज हळूहळू मावळताना कळतो. सोनीच्या साउंड कनेक्ट अ‍ॅपमध्ये (आधीचं नाव हेडफोन्स कनेक्ट) या बड्ससाठी टिप नीट बसली की नाही हे तपासायची सोयही आहे. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं समजू नका. माझ्या डाव्या कानाला लहान आणि उजव्याला मधलं लागतं. हे कळायला मला दोन वर्षं आणि रेल्वेच्या रुळांत गेलेला एक बड लागला.

फोमच्या टिप्स झिजतात. दाबल्यावर पुन्हा फुगत नसतील तर बदला. आणि कानातला मळ जाळीवर बसला की त्या बाजूचा आवाज बारीक होतो, त्याला आपण "बड गेला" म्हणतो. टिप काढून, जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा. टाचणी घालू नका, पाण्याखाली धरू नका.

"गाणं आपोआप थांबतं"

काकूंचा किस्सा. भाचेसुनेने वाढदिवसाला १००० मालिकेचा हेडफोन दिला. काकू गातात. सकाळी हेडफोनवर तानपुरा लावून रियाजाला बसल्या, सा लावला, आणि तानपुरा थांबला. पुन्हा लावला, पुन्हा थांबला. दोन दिवसांनी त्यांनी निष्कर्ष काढला : "यंत्राला माझा सा पसंत नाही."

यंत्र बिचारं नम्र होतं. त्यात स्पीक-टू-चॅट नावाची सोय असते. तुम्ही बोललात की समोरच्याशी बोलताय असं समजून ते गाणं थांबवतं आणि बाहेरचा आवाज आत सोडतं. गुणगुणणं, खोकला, "अगं ऐकलंस का", सगळं त्याला बोलणंच वाटतं. अ‍ॅपमध्ये जाऊन ती बंद करा, विषय संपला. डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ वर दोन बोटं उजव्या कपवर दाबून धरली तरी ती चालू-बंद होते, आणि नेमकी त्यामुळेच ती नकळत चालूही होते.

याचंच भावंड म्हणजे अडॅप्टिव्ह साउंड कंट्रोल. तुम्ही बसलाय, चालताय की गाडीत आहात हे ओळखून ते एएनसी बदलत राहतं. बागेत फेऱ्या मारणाऱ्यांना वाटतं मशीन बिघडलं. तिसरी गंमत : उजव्या कपवर तळहात झाकला की गाणं बारीक होऊन बाहेरचं ऐकू येतं. केस सावरायला तिथे हात गेला की "आवाज मधूनच जातो". तिन्ही गोष्टी हुशारीच्या आहेत, पण विकत घेणाऱ्याला कोणी सांगतच नाही. नवा हेडफोन आणला की पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटं अ‍ॅपमध्ये घाला, आणि जे कळत नाही ते बंद करून ठेवा.

काकूंना अजून एक सांगावं लागलं. कान पूर्ण बंद करून गायलं की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सुराचा अंदाज चुकतो. रियाजाला एक कान उघडा ठेवा, नाहीतर साधा स्पीकर बरा.

मीटिंगमध्ये आवाज रेडिओसारखा

लॅपटॉपवर गाणं सुरेख वाजतं, मीटिंग सुरू झाली की तेच हेडफोन जुन्या टेलिफोनसारखे होतात. यात हेडफोनचा दोष नाही. नेहमीच्या ब्लूटूथवर हेडफोनचा माइक वापरायला घेतला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते, आणि स्टीरिओ जाऊन कमी दर्जाचा मोनो आवाज उरतो. उपाय : मीटिंगच्या सेटिंगमध्ये ऐकायला हेडफोन आणि बोलायला लॅपटॉपचा माइक निवडा. विंडोजमध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसली तर 'हँड्स-फ्री' लिहिलेलं टाळून 'स्टीरिओ' घ्या.

दोन उपकरणांना एकाच वेळी जोडण्याची सोय सीएच५२० पासून वरपर्यंत मिळते. तिचाच त्रासही होतो. फोनवर गाणं लावलंय पण वाजत नाही? आतल्या खोलीत लॅपटॉप उघडा असेल, त्यात कुठला तरी व्हिडिओ चालू असेल. आधी तो बघा, मग हेडफोन रीसेट करायच्या मागे लागा.

एलडीएसी

एलडीएसी म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह आवाज पाठवायची सोनीची पद्धत. आयफोन असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, त्यात ती चालतच नाही. अँड्रॉइडवर २०१७ सालच्या ८.० पासून आहे. १००० मालिकेच्या हेडफोनमध्ये आणि डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ बड्समध्ये मिळतं, सीएच५२० आणि सीएच७२०एन मध्ये मिळत नाही. सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं. दादरच्या पुलावर शेकडो ब्लूटूथ एकत्र असताना तेच तुटक वाजायला लागतं. अ‍ॅपमध्ये जोडणीच्या स्थैर्याला प्राधान्य देणारा पर्याय निवडला की बहुतेक वेळा तुटणं थांबतं. गर्दीत तेवढ्या बारकाव्यांचा फरक कोणाला ऐकू येतो, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

घाम, पाऊस आणि व्हॉल्यूम

सी५१०, सी७१०एन, डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ हे बड्स आयपीएक्स४ आहेत, म्हणजे शिंतोडे आणि घाम चालतो. डबीला मात्र ते लागू नाही. ओले बड्स तसेच डबीत टाकणं ही पावसाळ्यातली सर्वांत महाग चूक. आधी पुसा, वाळू द्या. डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ ला असं काही संरक्षण नाही, तेव्हा जिममध्ये आणि जुलैच्या रस्त्यावर तो नको. शिवाय तो घडी होत नाही, नुसता आडवा होतो. त्याची ठेवायची पेटी जेवणाच्या डब्यासोबत ऑफिसच्या बॅगेत बसते का ते आधी पाहा. आधीचा एक्सएम४ घडी होतो, २०२५ चा एक्सएम६ पुन्हा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. लोकलच्या खडखडाटात एएनसी नसलेल्या बड्सवर गाणं ऐकायचं म्हणजे आवाज वाढवत जाणं आलंच. रोज दीड-दीड तासाचा प्रवास असेल तर मी एएनसीला चैन म्हणत नाही. भाच्यालाही तेच सांगितलं : डोंबिवलीहून जातोस, मे महिन्यात कान झाकून घामाघूम होशील, सी७१०एन घे आणि उरलेले पैसे ठेव.

त्याने घेतले. तीन आठवड्यांनी फोन : "मामा, डावा चार्जच होत नाही."

"डबीतल्या पितळी टोकांवर काय आहे बघ."

"...घाम वाळलाय वाटतं."

कोरड्या कापडाने पुसायला सांगितलं. दोन मिनिटांनी दिवा लागल्याचा फोटो आला.