गंगाजळीतला सोन्याचा वाटा कसा काढायचा

‘रिझर्व्ह बँकेचं सोनं वाढलं’ अशी बातमी आली की जळगावच्या सराफ बाजारात भावाच्या चर्चेला ऊत येतो. बातमीतली टक्केवारी, म्हणजे देशाच्या परकीय चलन साठ्यात (गंगाजळीत) सोन्याचा वाटा किती, ही कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत तपासता येते.

आकडे रिझर्व्ह बँकेच्या साप्ताहिक सांख्यिकी पुरवणीत मिळतात. ती शुक्रवारी येते, आकडे मात्र आधीच्या शुक्रवारचे. तक्त्यात चार ओळी असतात: परकीय चलन मालमत्ता, सोनं, एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं दिलेली राखीव मालमत्ता) आणि नाणेनिधीतला राखीव हिस्सा. सोन्याला चारींच्या बेरजेनं भागा. नुसत्या पहिल्या ओळीनं भागलं की वाटा फुगतो. मार्च २०२५ अखेर ११.७ टक्क्यांचे १३.८ झाले असते.

आता वजनावरून पडताळा. तेव्हा सोन्याचा साठा ८७९.५९ टन होता. १ टन म्हणजे ३२,१५१ ट्रॉय औंस. ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा, २८.३५ ग्रॅमचा साधा औंस धरला तर सोनं जवळपास १० टक्के जास्त दिसतं. भाव लंडनचाच घ्या. जळगावचा तोळ्याचा भाव इथे चालत नाही, त्यात आयात शुल्क मिसळलेलं असतं, बिलात वर ३ टक्के जीएसटी. लंडनचा भाव तेव्हा औंसाला सुमारे ३,०७० डॉलर होता. गुणाकार येतो ८६.८ अब्ज डॉलर, आणि रिझर्व्ह बँक दाखवते ७८.२ अब्ज!

इथेच बहुतेकांचं गणित अडतं. रिझर्व्ह बँक सोनं बाजारभावाच्या ९० टक्क्यांनीच मांडते. उरलेल्या १० टक्क्यांची वजावट केली की आकडा जुळतो, आणि ६६८.३ अब्जांच्या एकूण साठ्याशी ११.७ टक्के वाटा निघतो. पूर्ण बाजारभाव धरणाऱ्यांकडे तोच वाटा १२.८ च्या आसपास दिसेल. दोन्ही बरोबर, फक्त एकाशेजारी एक ठेवून तुलना करू नका.

वाटा वाढला म्हणजे खरेदी झाली, असंही नाही. सप्टेंबर २०२४ अखेर ८५४.७३ टन आणि ९.३२ टक्के होते. सहा महिन्यांत वजन जेमतेम ३ टक्क्यांनी वाढलं, भाव १५ टक्क्यांनी, आणि एकूण साठा ७०५.८ अब्जांवरून खाली आला. भाजक घटला की वाटा आपोआप चढतो. म्हणून खरेदी मोजायची तर रिझर्व्ह बँकेच्या सहामाही अहवालातले टन बघा, टक्के नाही. लग्नसराईत घराघरांत आलेलं सोनं यात कुठेच धरलेलं नसतं.