नुसतं कॉपी करून मशीन बूट होत नसतं

"काकू, मी कॉपी तं केलं होतं नं. काऊन नाही होऊन राहिलं मग?"

आमच्या खालच्या मजल्यावरचा पोरगा मागच्या रविवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा. रात्रभर मोबाइलच्या नेटवर लिनक्स मिंट या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल उतरवली, माऊसनं ओढून पेनड्राइव्हवर टाकली, लॅपटॉप पेनड्राइव्हवरून उठावा, म्हणजे बूट व्हावा, म्हणून चालू करून एफ १२ दाबत बसला. लॅपटॉप काही दाद देईना. मी त्याला आधी पोहे दिले, वरून तर्री घातली. रिकाम्या पोटी असलं काम करू नये, माणूस चुकीचं बटण दाबतो.

नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बावीस वर्षं कॉम्प्युटर लॅब असिस्टंट होते. दर जूनमध्ये, पाऊस यायच्या आत, साठ मशीन पुसायच्या आणि पुन्हा भरायच्या. आता निवृत्त आहे, पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि त्रिमूर्तीनगरातले जुने लॅपटॉप एकेक करून माझ्या डायनिंग टेबलावर यायला लागले. पेनड्राइव्हवरून नवी सिस्टिम कशी टाकायची ते रोज तोंडी सांगण्यापेक्षा लिहून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे आयएसओ. ही एका अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत असते, एकाच फाइलीत गुंडाळलेली. मशीन चालू झालं की ते फायली वाचत बसत नाही, ठरलेल्या जागी बघतं. मशीन उठवणारा आतला प्रोग्राम दोन प्रकारचा. जुनं बायॉस डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये डोकावतं. नवं यूईएफआय फॅट प्रकारचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, शोधतं आणि त्यात ईएफआय नावाच्या फोल्डरमधलं बूट फोल्डर उघडतं. आयएसओ नुसती कॉपी केली तर या दोन्ही जागा रिकाम्याच राहतात. सामानाची पेटी बंदच पलंगाखाली सरकवली म्हणून कपडे कपाटात लागत नाहीत, तसं. पेटी उघडून प्रत्येक वस्तू जागेवर लावायची असते, आणि तेवढ्यासाठीच वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

आता पेनड्राइव्ह. ८ जीबीचा बहुतेक वेळा पुरतो, १६चा घेतला तर विचार करावा लागत नाही. त्याच्यावर जे काही आहे ते सगळं जाणार. लग्नाचे फोटो, पॅनकार्डाची स्कॅन, सगळं. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि इडा-पीडा गावाबाहेर जाते, पण इथे इडा-पीडेबरोबर चांगलंही जातं. म्हणून आधी उघडून बघा. आणि पाचशे रुपयांत १ टीबी मिळाला म्हणून खूश होऊ नका. असले पेनड्राइव्ह आकडा खोटा दाखवतात. खऱ्या जागेच्या पुढे लिहिलेलं हवेत जातं आणि इन्स्टॉल अर्ध्यावर मरतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवलं की खोटेपणा उघडा पडतो. मी नवीन पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय वापरत नाही. तपासलेल्यांवर नेलपॉलिशचा ठिपका असतो, लाल म्हणजे विंडोज, हिरवा म्हणजे लिनक्स. मार्करची शाई पुसली जाते, नेलपॉलिश टिकतं.

आयएसओ मूळ साइटवरूनच घ्या. मित्रानं दिलेली, "आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली" विंडोज मी माझ्या टेबलावर येऊ देत नाही. तिच्यात आणखी काय भरलंय ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि बहुतेकांना तिची गरजही नसते. विंडोज ८ किंवा त्यानंतरची विंडोज घेऊनच आलेल्या लॅपटॉपमध्ये तिची की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, साधारणपणे मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, तीच आवृत्ती टाकली की सेटअप ती स्वतः उचलतो.

फाइल उतरली की तिचा एसएचए २५६ आकडा, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल, लिनक्समध्ये एसएचए२५६सम. चौसष्ट अक्षरं असतात, मी पहिली सहा आणि शेवटची सहा बघते. अर्धवट उतरलेली फाइल ओळखायला तेवढं पुरे. खालच्या पोराची फाइल नेमकी इथेच अडकली. रात्री दोन वाजता नेट तुटलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. म्हणजे कॉपी न करता नीट लिहिली असती तरी चाललीच नसती. माझ्याकडच्या नेटवर पुन्हा उतरवली.

विंडोजवर बसून पेनड्राइव्ह बनवायचा असेल तर मी रुफस वापरते. छोटंसं आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा. मग पार्टिशन स्कीम, म्हणजे डिस्कचे भाग मांडायची पद्धत, विचारतं, जीपीटी की एमबीआर, आणि पोरं डोळे मिटून काहीतरी दाबतात. बूट न होण्याच्या तक्रारींत मला सर्वांत जास्त वेळा हीच चूक सापडली आहे. ज्या मशीनमध्ये इन्स्टॉल करायचं आहे, त्या मशीनवर विंडोज चालू असेल तर विंडोज आणि आर बटण दाबून एमएसइन्फो३२ लिहा. बायॉस मोडच्या पुढे यूईएफआय दिसलं तर जीपीटी, लेगसी दिसलं तर एमबीआर. मशीन सुरूच होत नसेल तर वयावरून अंदाज बांधा. विंडोज ८च्या जमान्यात किंवा नंतर आलेलं असेल तर जवळजवळ नक्की यूईएफआय.

फाइल सिस्टिमच्या रकान्याला हात लावू नका. तिथे कधी फॅट३२ दिसेल, कधी एनटीएफएस. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि हल्लीच्या विंडोजच्या आयएसओमधली इन्स्टॉल डॉट विम सहसा त्याहून मोठी असते. म्हणून रुफस एनटीएफएस घेतो आणि शेवटी एक चिमुकलं पार्टिशन जोडतो, यूईएफआयला एनटीएफएस वाचून दाखवायला. कोणी हातानं फॅट३२ करून फायली ओढत बसला की नेमकी ती एक फाइल जात नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरलं तर ही भानगडच नाही, त्यातली फाइल जास्त दाबलेली असते आणि मावते. नवशिक्यानं विंडोजसाठी तेच वापरावं.

विंडोज ११ लिहिताना रुफस एक खिडकी उघडतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट म्हणजे फक्त सही असलेलंच उठू देणं, ४ जीबी रॅम या अटी काढू का म्हणून विचारतो. काढता येतात. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरवर तर विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती अटी काढूनही उठत नाही, तिला लागणारी पॉपकाउंट ही सूचनाच त्या प्रोसेसरमध्ये नाही. समोरच्या देशपांडे आजोबांचा डेस्कटॉप असाच. त्यांना यूट्यूबवर भजनं ऐकायची असतात आणि पेन्शनची साइट बघायची असते. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून दिली. विंडोज कुठे गेली असं त्यांनी अजून विचारलेलं नाही.

लिनक्सवरून पेनड्राइव्ह बनवायचा तर डीडी ही कमांड. एका ओळीचं काम. आयएफ म्हणजे कुठून घ्यायचं, ओएफ म्हणजे कुठे ओतायचं. डीडी काही विचारत नाही, "नक्की का" असं तर मुळीच नाही. एका परीक्षेच्या हंगामात मी घाईत ओएफपुढे पेनड्राइव्हच्या एसडीसी या नावाच्या जागी एसडीबी लिहिलं. एसडीबी म्हणजे विभागाची बाहेरची हार्ड डिस्क, शेवटच्या वर्षाच्या सगळ्या प्रोजेक्ट रिपोर्टची. दोन मिनिटांनी लक्षात आलं. गेलेल्या फायली शोधणारं फोटोरेक चालवून बऱ्याच फायली परत मिळाल्या, पण नावं सगळी गेली. एफ आणि पुढे लांबलचक आकडे. तीन रात्री एकेक रिपोर्ट उघडून पहिल्या पानावरचं नाव वाचत फाइलला देत बसले. तेव्हापासून पेनड्राइव्ह लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा डिस्कची यादी दाखवणारं एलएसबीएलके चालवते. जी ओळ नवीन दिसते ती आपली. आकारही बघते. आणि त्या वेळी दुसरी कुठलीच डिस्क लावलेली ठेवत नाही. रुफस बाहेरच्या हार्ड डिस्क आपणहून यादीत दाखवत नाही, ते याच भीतीनं. एक लक्षात ठेवा, डीडी लिनक्सच्या आयएसओला चालतो. विंडोजची आयएसओ तशी ओतली तर पेनड्राइव्ह बूट होत नाही.

वरचेवर निरनिराळ्या गोष्टी टाकाव्या लागत असतील तर व्हेंटॉय बघा. पेनड्राइव्ह एकदाच तयार करायचा, मग त्यावर आयएसओ खरोखरच नुसत्या कॉपी करायच्या, चालू केल्यावर मेन्यू येतो. म्हणजे त्या पोराची पद्धत इथे चालली असती! हे ऐकून तो जरा फुगलाच.

डिस्कचा जमाना गेला म्हणतात, पण पुरता नाही. यूएसबीवरून उठायला तयारच नसलेली जुनी मशीन अजून येतात. त्यांच्यासाठी डीव्हीडी. विंडोजमध्ये आयएसओवर राइट क्लिक केलं की डिस्क इमेज बर्न करायचा पर्याय दिसतो. नंतर पडताळणी करायची खूण तिथेच असते, ती करा. वेग निवडता आला तर कमी ठेवा, वीस मिनिटं वाचवायला डीव्हीडी वाया घालवू नका. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. मिंट बसतं, उबुंटू २४.०४ची डेस्कटॉप आयएसओ नाही बसत, ती साडेपाच जीबीच्या वर आहे. उबुंटूवाले एकेकाळी मागेल त्याला पोस्टानं फुकट सीडी पाठवायचे, २०११ पर्यंत. माझ्याकडे त्यातल्या दोन अजून शंकरपाळ्यांच्या डब्यात आहेत. माळ्यावर ठेवलेल्या, घरी लिहिलेल्या डिस्क मात्र एकही वाचत नाही. मे महिन्यात आमच्या वरचा स्लॅब रात्री बारालाही हाताला चटका देतो, तिथे त्यांचा काय टिकाव लागणार.

आता मशीन उठवायचं. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुतेक एफ १२, एचपीमध्ये एफ ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरला एफ १२ असतं, पण कितीदा तरी ते आधी बायॉसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. चालू केल्याबरोबर टकटक दाबत राहायचं. यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो घ्या, जीपीटी केलं असेल तर. अजिबात दिसत नसेल तर पोर्ट बदला, हब काढा.

त्याआधी एक काम, आणि हे मी आधी हातानं करून घेते, मग बाकीचं. विंडोज असलेल्या मशीनमध्ये डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू आहे का बघा. नव्या लॅपटॉपमध्ये मालकाला न कळता चालू असतं. सिक्युअर बूट वगैरेला हात लावला की पुढच्या वेळी ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते आणि अकाउंटचा पासवर्ड पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाकडे असतो. की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय मी बायॉसमध्ये जात नाही.

इन्स्टॉल चालू असताना वीज. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर निदान एकाच एक्स्टेन्शनवर कूलर लावू नका. कूलरची मोटर सुरू होताना दिवा क्षणभर मंद होतो ना, तेवढ्यात मशीन रिस्टार्ट झालेलं मी पाहिलंय, सत्तर टक्क्यांवर.

विंडोजच्या सेटअपला आतली डिस्क, म्हणजे एसएसडीच, दिसत नसेल तर एसएसडी मेली असं धरून चालू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी हा इंटेलचा डिस्क सांभाळणारा प्रकार चालू असतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि लोड ड्रायव्हर दाबा. डिस्क येते. आणि पहिलं रिस्टार्ट झालं, पुन्हा सेटअपचं पहिलंच पान समोर आलं, तर घाबरून सगळं पुन्हा सुरू करू नका. मशीन परत पेनड्राइव्हवरून उठलंय. पेनड्राइव्ह काढा.

खालच्या पोराचं मिंट साडेअकराला लागलं. संध्याकाळी तो परत दारात. "काकू, पेनड्राइव्ह खराब झाला वाटते. सोळा जीबीचा होता, आता कॉलेजच्या विंडोजवर पाच-सहा एमबी दाखवून राहिला." खराब झालेला नाही, बाबू. डीडीनं लिहिलेल्या पेनड्राइव्हचं तेवढंच पार्टिशन विंडोजला वाचता येतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड, डिस्कपार्ट लिही, मग लिस्ट डिस्क. आकारावरून आपली ओळख, सिलेक्ट डिस्क आणि तिचा आकडा, मग क्लीन. क्लीनच्या आधी आकडा मोठ्यानं वाच. त्यानंतर क्रिएट पार्टिशन प्रायमरी, क्विक फॉरमॅट, असाइन.

त्यानं आकडा मोठ्यानं वाचला. शून्य. शून्य म्हणजे माझ्या लॅपटॉपची आतली डिस्क. मी त्याचा हात धरला आणि त्याला उठवून स्वतः खुर्चीत बसले.