वजन उतरल्यावर लोंबणाऱ्या कातडीचं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये कसं बसवावं

चाळीस-पन्नास किलो वजन उतरलं की चरबी जाते, पण वर्षानुवर्षं ताणलेली कातडी परत आकसत नाही. तिच्यातले लवचीक तंतू तुटलेले असतात; व्यायामाने, तेल चोळून किंवा मलमाने ते जुळत नाहीत. पोटाखाली घडी पडते, तिच्या आत घाम साठतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर कपडे नीट वाळत नाहीत, हवा दमट असते, त्यामुळे घडी दिवसभर ओली राहते. मग खाज, बुरशी, कुबट वास आणि शेवटी सोलवटून जखम. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीजवळ उभं राहणाऱ्याला तर बाराही महिने हाच त्रास. हे दुखणं आहे, हौस नव्हे. पण विमा कंपनीच्या डॉक्टरला हे कागदावरच कळणार, आणि तो कागद ऑपरेशनच्या आठ दिवस आधी तयार होत नाही. किमान सहा महिने आधी सुरुवात करावी लागते.

आधी पॉलिसीतली दोन कलमं वाचा

विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ साली सगळ्या आरोग्य पॉलिसींसाठी वगळलेल्या बाबींची भाषा एकसारखी केली. त्यामुळे कंपनी कुठलीही असो, पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘एक्सक्ल ०६’ आणि ‘एक्सक्ल ०८’ (एक्सक्ल म्हणजे एक्सक्लूजन, वगळलेली बाब) ही कलमं सापडतील.

०६ हे लठ्ठपणाच्या ऑपरेशनचं. वय १८ पूर्ण, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त. किंवा ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयविकार असं काही, तेही साधे उपाय फसल्यावर. हे कलम बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या ऑपरेशनला लागतं, नंतरच्या कातडीला नाही. तरी क्लेम नाकारताना पुष्कळदा हेच कलम पुढे केलं जातं. तुमचं आत्ताचं ऑपरेशन वजन कमी करण्यासाठी नाही, हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहा.

खरी लढाई ०८ शी आहे. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही, असं ते सांगतं. पण त्यात अपवाद आहेत. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना हा एक. दुसरा आपल्या कामाचा: प्रकृतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार, आणि तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र. ‘थेट’ आणि ‘तातडीचा’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. तुमची सगळी फाइल या दोन शब्दांचा पुरावा असली पाहिजे.

कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असाल तर हातातलं कार्ड पुरेसं नाही. एचआरकडून पूर्ण वर्डिंगची प्रत मागा. ग्रुपमध्ये जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ अनेकदा माफ असतो, पण ०८ माफ असतं असं नाही.

काय मिळू शकतं, काय नाही

पोटाखालची लोंबती घडी फक्त कापून काढणं म्हणजे पॅनिक्युलेक्टॉमी. स्नायू घट्ट शिवणं, बेंबी नव्या जागी बसवणं, कंबरेला आकार देणं हे सगळं त्यात आलं की ती ॲब्डॉमिनोप्लास्टी, बोलीभाषेत टमी टक. पहिलीला वैद्यकीय गरज म्हणून उभं करता येतं, दुसरीला जवळपास नाही. सर्जनच्या अंदाजपत्रकावर ‘टमी टक’ हे शब्द दिसले की टीपीएचा (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा) डॉक्टर पुढचं पान उलटत नाही. मात्र फक्त नाव बदलून चालणार नाही. जे लिहिलं तेच टेबलावर व्हायला हवं, कारण ऑपरेशन नोट्स नंतर मागवल्या जातात.

दंड, मांड्या, छाती यांच्या कातडीला क्लेम मिळणं फार अवघड. मांड्या घासून कायम जखम होत असेल आणि तशी नोंद असेल तर प्रयत्न करावा. दंडांसाठी खिशातूनच तयारी ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकाच भुलीत पोटाची घडी आणि असा कॉस्मेटिक भाग दोन्ही करणार असाल तर हॉस्पिटलकडून दोन वेगळी अंदाजपत्रकं आणि दोन वेगळी बिलं घ्या. एकत्र बिल केलं तर कॉस्मेटिक भागामुळे सगळाच क्लेम अडकतो.

घडीखाली बेंबीचा हर्निया असेल, तर तो स्वतंत्र आजार आहे. सोनोग्राफी करून त्याची वेगळी नोंद ठेवा. बहुतेक पॉलिसींत हर्नियाला दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. तो संपला असेल तर हर्नियाचा खर्च मिळायला हवा. पण नसलेला हर्निया कागदावर आणू नका. तो सोनोग्राफीत नाही आणि ऑपरेशन नोट्समध्ये आहे, एवढ्यावरून खोटा क्लेम म्हणून पॉलिसीच रद्द होऊ शकते.

सहा महिन्यांची फाइल

बॅरिॲट्रिक ऑपरेशन झालं असेल तर त्यानंतर १२ ते १८ महिने थांबा. कुठल्याही मार्गाने वजन उतरलं असलं तरी ते किमान सहा महिने एका जागी स्थिर हवं. वजन अजून उतरत असताना कापलं तर उरलेली कातडी पुन्हा लोंबते, आणि कंपनीलाही ‘घाई केली’ म्हणायला जागा मिळते. दर महिन्याला एकाच दवाखान्यात, एकाच काट्यावर वजन करून केसपेपरवर तारखेसह लिहून घ्या. घरच्या काट्याचा आकडा वहीत लिहिला तर त्याला किंमत नाही.

इथेच सगळ्यात जास्त फाइली फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घडी चिघळली की आपल्याकडे लोक मेडिकलमध्ये तोंडी सांगून मलम आणतात. त्याचं बिल नाही, चिठ्ठी नाही, म्हणजे कागदोपत्री तो त्रास झालाच नाही. शिवाय दुकानातून मिळणाऱ्या त्या मिश्र मलमांत बहुधा जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग बुरशी पसरते आणि कातडी पातळ होते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. खासगी परवडत नसेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढा. सरकारी केसपेपरवर तारखेचा शिक्का असतो, तो खोडून काढणं कठीण.

प्रत्येक भेटीत डॉक्टरांना पाच गोष्टी लिहायची विनंती करा: घडीच्या आत नेमकं काय दिसलं, कुठे आणि किती लांबी-रुंदीचं, दिलेलं औषध आणि किती दिवस, मागच्या औषधाने काय झालं, आणि रोजच्या कामात काय अडतं. ‘खाज आहे, मलम दिलं’ एवढ्याने भागत नाही. ‘पोटाच्या घडीत दोन्ही बाजूंना लालसर पट्टा, मधोमध दोन सेंटिमीटरची ओली जखम, क्लोट्रिमॅझोल चार आठवडे लावूनही पुन्हा उद्भवली’ असं हवं. एकदा तरी कातडी खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) करा म्हणजे बुरशी सिद्ध होते. पू असेल तर कल्चर. सेल्युलायटिस (कातडीखाली पसरलेला जंतुसंसर्ग) होऊन ताप आला, सलाइन लावावं लागलं, तर त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड हा फाइलमधला सर्वांत वजनदार कागद.

फोटो सर्जनच्या दवाखान्यातच काढून घ्या: उभं राहून समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि घडी वर उचलून आतली कातडी दिसेल असा. त्रास भरात असतानाचे, म्हणजे जुलै-ऑगस्टचे फोटो हवेतच. जानेवारीत काढलेल्या फोटोत कातडी कोरडी आणि शांत दिसते. घडी कुठवर लोंबते त्यावर सर्जन १ ते ५ ग्रेड देतात. पहिल्या ग्रेडमध्ये ती जघनाच्या केसांपर्यंत येते, दुसऱ्यात गुप्तांग झाकते, तिसऱ्यात मांडीच्या वरच्या भागापर्यंत, चौथ्यात मांडीच्या मध्यापर्यंत आणि पाचव्यात गुडघ्यापर्यंत. ग्रेड एक असेल तर नुसत्या लोंबण्यावर क्लेम टिकत नाही. तिथे वारंवार झालेल्या संसर्गावरच भिस्त.

प्रमाणपत्र

दोन प्रमाणपत्रं घ्या: एक त्वचारोगतज्ज्ञाचं, एक प्लास्टिक सर्जनचं. सर्जन एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी हवा आणि नोंदणी क्रमांक शिक्क्यावर दिसायला हवा. मजकुरात वजन किती होतं, किती झालं, कधीपासून स्थिर, ग्रेड, संसर्ग किती वेळा, कोणत्या तारखांना, कोणती औषधं फसली, ऑपरेशन न केल्यास काय होईल, म्हणजे पुन्हा सेल्युलायटिस, मधुमेह असेल तर जखम खोल जाणं, आणि शेवटी हे ऑपरेशन दिसण्यासाठी नसून प्रकृतीचा थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक आहे, हे स्पष्ट वाक्य. नुसतं ‘पेशंटला त्रास होतो, ऑपरेशनची शिफारस’ असं दोन ओळींचं पत्र निरुपयोगी.

निदानाचा आयसीडी कोड, म्हणजे आजाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांकही तपासा. हॉस्पिटलच्या डेस्कवरचा मुलगा घाईत झेड ४१.१ टाकतो, त्याचा अर्थच दिसण्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी. घडीतल्या दाहाला एल ३०.४, त्वचेच्या कॅन्डिडा बुरशीला बी ३७.२, धडाच्या सेल्युलायटिसला एल ०३.३ असे कोड आहेत. कोणता लागू, ते डॉक्टरांनीच ठरवायचं, पण फॉर्म सहीआधी वाचा. तसंच हॉस्पिटल बिलावर कॉस्मेटिक म्हणून १८ टक्के जीएसटी लावणार आहे का, हे आधी विचारा. तो लागला तर कंपनी त्याच बिलाकडे बोट दाखवते.

हॉस्पिटल आणि प्री-ऑथ (कॅशलेसची आगाऊ मंजुरी)

छोट्या क्लिनिकमध्ये भरती होण्याआधी त्यांचं नर्सिंग होम नोंदणी प्रमाणपत्र पाहा आणि झेरॉक्स घ्या. नोंदणी नसेल तर कंपनी किमान अटींवर जाते: दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात १० खाटा, मोठ्या शहरात १५, सोबत ऑपरेशन थिएटर आणि चोवीस तास नर्स. कोल्हापुरात १० लागतील, पुण्यात १५. पुण्या-मुंबईला जाणार असाल तर पॉलिसीत झोनची अट पाहा. काही पॉलिसींत छोट्या शहराचा हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतले की ठरावीक टक्के स्वतः भरावे लागतात. रूमभाड्याची मर्यादाही बघा. महागडी रूम घेतली तर फक्त भाडं नव्हे, सर्जनची फी आणि थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो.

नियमानुसार कंपनीने कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा आहे. या ऑपरेशनला मात्र पहिलं उत्तर बहुधा ‘क्वेरी’ असतं. म्हणून तारखेच्या दहा-पंधरा दिवस आधी पूर्ण फाइल टीपीए डेस्ककडून पाठवा. क्वेरीत हमखास पहिल्या तपासणीचा कागद, आजार कधीपासून आणि बॅरिॲट्रिकची कागदपत्रं मागतात. पॉलिसी घेताना ते ऑपरेशन लपवलं असेल तर इथे उघडं पडतं. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देता येत नाही.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नव्हे. पैसे भरून ऑपरेशन करा आणि प्रतिपूर्तीसाठी अर्ज करा; कागद देण्याची मुदत पॉलिसीत असते, बहुधा डिस्चार्जनंतर १५ ते ३० दिवस. कापलेली कातडी बायोप्सीला पाठवायला सर्जनला सांगा. त्या रिपोर्टमध्ये जुनाट दाह दिसला तर तो नंतर फार उपयोगी पडतो. पोटाचा पट्टा आणि तत्सम वस्तूंचे पैसे सहसा मिळत नाहीत.

ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), बी१२ आणि डी जीवनसत्त्व तपासा. बॅरिॲट्रिकनंतर ही कमतरता सर्रास असते आणि प्रथिनं कमी असली की टाके उघडतात. तंबाखू, मिश्री, सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद करा; निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेची कड काळी पडून मरते. जखम अशी बिघडून मुक्काम वाढला, तर क्लेम मिळाला तरी त्या वाढीव बिलावर पुन्हा वाद होतो.

नाकारला तर

नकार लेखी आणि कलमासह द्यायला कंपनी बांधील आहे, आणि दावे तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. ‘कलम ०८ नुसार’ एवढंच लिहिलं असेल, तर समितीची मंजुरी होती का आणि अपवाद का लागू नाही, हे लेखी विचारा. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेलने करा. सोबत आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करून टोकन क्रमांक जपून ठेवा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. कोल्हापूर पुणे कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षात जावं लागतं. तक्रार दोन पानांत आटोपा: तारखांचा तक्ता, फसलेले उपचार, दोन प्रमाणपत्रं आणि ०८ चा अपवाद जसाच्या तसा.

दुसरा रस्ता कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा: नकारानंतर दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंत फी नाही. मात्र आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही. म्हणून आधी लोकपाल, आणि ग्राहक आयोगाची दोन वर्षांची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने.