गोव्याहून लिस्बन: अंतर आणि प्रवासाचा वेळ घरबसल्या कसा काढावा

म्हापशात आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा डिसेंबरात लिस्बनला गेला. तिकिटावर उतरण्याची वेळ सकाळी साडेसात. काकू साडेसातपासून फोन हातात धरून बसल्या आणि फोन आला दुपारी एक वाजून गेल्यावर. विमान वेळेवरच उतरलं होतं! एवढे तास त्यांचा जीव टांगणीला लागला, तो निव्वळ घड्याळाच्या हिशेबापायी. हा हिशेब खरं तर कुणालाही जमेल असा आहे.

आधी अंतर काढा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, गोल पृथ्वी सपाट केली की अंतरं फसवतात. मुलांचा पृथ्वीगोल घ्या. गोव्यापासून लिस्बनपर्यंत दोरा ताणून धरा, दोन्ही टोकं चिमटीत पकडा आणि तोच दोरा विषुववृत्तावर ठेवा. बऱ्याच गोलांवर दर 15 अंशांना उभी रेघ असते. दोरा अशी पाच घरं व्यापतो, म्हणजे 75 अंश. एका अंशाचे 111 किलोमीटर, तेव्हा झाले सुमारे 8,300 किलोमीटर.

दोरा पुन्हा ताणून नीट पाहा, तो दुबईच्या अगदी जवळून जातो. त्यामुळे दुबईत विमान बदललं तरी अंतर जवळपास तेवढंच राहतं. दिल्लीमार्गे गेलात तर मात्र आधी उत्तरेला जाऊन मग पश्चिमेला वळायचं, त्यात नऊशेच्या वर किलोमीटर वाढतात. स्वस्त तिकीट दिसलं की हे आधी तपासा.

आता वेळ. मोठं जेट विमान ताशी 850 ते 900 किलोमीटर जातं. अंतराला 850 ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. गोवा ते दुबई 2,200 किलोमीटर, म्हणजे तीन तासांच्या थोडं वर. दुबई ते लिस्बन सुमारे 6,140, म्हणजे पावणेआठ तास. पश्चिमेला जाताना उंचावरचे वारे बहुधा समोरून येतात, म्हणून आठ धरा. येताना तेच वारे पाठीशी असतात. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असेल तर वळसा पडतो तो वेगळा. मधला मुक्काम चार तासांचा असेल तर एकूण झाले पंधरा.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते, काकूंची गफलत इथेच झाली. हिवाळ्यात लिस्बन आपल्या साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. गोव्याहून रात्री 10 ला निघून सकाळी 7:30 ला पोहोचणं दिसायला साडेनऊ तासांचं, त्यात साडेपाच मिळवा म्हणजे खरे पंधरा. परतीला तेवढेच वजा करा.

शेवटी विमानतळाचं नाव वाचा. गोव्यात आता दोन आहेत: दाबोळी आणि पेडण्याजवळचा मोपा, जिथून जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली. मडगावकराने चुकून मोपाचं तिकीट काढलं तर घरून निघायची वेळच बदलते. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोहोचायचं, तेही हिशेबात धरा.

आणि निघण्यापूर्वी घरच्या कॅलेंडरवर उतरण्याची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे लिहून ठेवा: ‘दुपारी 1, सामान घेऊन बाहेर यायला आणखी तासभर.’ काकूंच्या स्वयंपाकघरात आता तसं कॅलेंडर लटकतंय.